गाडी किती देते?

मोटरसायकल घ्यायला गेलेला मराठी माणूस रंग बघतो, सीटवर बसून बघतो, उगाच हॉर्न वाजवून बघतो आणि मग मुद्द्यावर येतो, “ॲव्हरेज किती देते?” कशाची सरासरी, असं इथे विचारायचं नसतं. शोरूमवाला चाचणीतला आकडा सांगतो. चाचणीत गाडी रोलरवर जागच्या जागी पळते. वाटेत ना खड्डा, ना सिग्नल, ना डबलसीट.

1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली. टाकी भरा आणि विसरून जा, असा तिच्या जाहिरातीचा सूर होता. आम्ही कसले विसरतोय! टाकी फुल करायची, मीटरचा आकडा पंपावरच्या पावतीमागे टिपायचा, पुन्हा फुल करायची आणि भागाकार मांडायचा. दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेली माणसंही हा भागाकार दोन दशांश स्थळांपर्यंत करतात. अर्थात चारचौघांत सांगायचा आकडा वेगळा. कट्ट्यावर पासष्टच्या खाली कुणाचीच गाडी देत नाही. सगळ्याच गाड्या सरासरीहून जास्त ॲव्हरेज देतात हे गणितात बसत नाही, पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्यवस्थित बसतं.

गाडीच्या ॲव्हरेजवर तासभर बोलणारे गृहस्थ ‘मुलगा ॲव्हरेज आहे’ असं बाईंनी म्हटलं की गप्प होतात. वर्गातल्या बहुतेकांना लागू पडावा असा शब्द, पण तो ऐकल्यावर त्या घरात रात्री कुणाला धड जेवण जात नाही. क्रिकेटमध्ये तोच शब्द पुन्हा मखरात. ब्रॅडमनचं 99.94 कुणी काढलं की अस्सल मुंबईकर लगेच विजय मर्चंटचं प्रथम श्रेणीतलं 71.64 पुढे सरकवतो. पावसाच्या वाट्याला मात्र मराठी शब्द आला. तो सरासरी ‘गाठतो’ नाहीतर ‘ओलांडतो’. पाऊस ॲव्हरेज देतो, असं निदान मी तरी अजून ऐकलेलं नाही.

शब्द मूळचा दर्यावरचा. मालाच्या खराबीसाठी असलेला अरबी शब्द भूमध्य समुद्रातल्या बंदरांतून युरोपात गेला, असं मानतात. वादळात जहाज वाचवायला कुणाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर तो तोटा सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा, असा रिवाज. तो अजून चालू आहे. 2021 मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ आडवं होऊन अडकलं, तेव्हा जहाजमालकांनी ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं, म्हणजे ज्यांच्या मालाला ओरखडाही आला नव्हता त्यांच्याकडूनही सुटकेच्या खर्चाचा वाटा मागितला. असा हा घेणेकऱ्यांचा शब्द आमच्याकडे येऊन ‘देतो’ कधी झाला, कोण जाणे.

मध्यंतरी आमच्या मेहुण्यांनी सांगितलं, की त्यांची गाडी घाट चढताना लिटरला 40 देते आणि उतरताना 60, म्हणजे ॲव्हरेज 50. मला राहवलं नाही. कागद घेऊन मांडून दाखवलं. घाट 12 किलोमीटरचा धरू. चढायला 300 मिली, उतरायला 200. अर्ध्या लिटरमध्ये 24 किलोमीटर, म्हणजे लिटरला 48. मेहुण्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“दाजी,” ते म्हणाले, “हे तुमचं पेट्रोल पंपवाल्यानंच मारलेलं दिसतंय.”