प्रकाशाच्या वेगाला मेमो

मुख्यालय पुण्यात आणि शाखा नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरीत असलेल्या कंपनीत सकाळची पहिली प्रार्थना एकच असते: ‘झेड ड्राइव्ह उघडतोय का हो?’ तो उघडत नसतो. वरच्या पट्टीत हिरवी रेघ निवांत सरकत असते. तिच्या साक्षीने दोन चहा होतात, रजेचे अर्ज लिहून होतात, एखाद्याचं लग्नही जुळतं. शेवटी फोल्डर उघडतं, तेव्हा आत ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल साहेबांनी पाहिलेली’ अशा तीन फायली दिसतात. हवी असते ती चौथी. ती कोल्हापूरच्या अकाउंट्सवाल्यांनी उघडून ठेवलेली असते आणि अकाउंट्सवाले जेवायला गेलेले असतात.

नागपूरकर पुण्याला फोन लावतात. पुण्याच्या आयटीचं उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडे तर लगेच उघडतंय.’ उघडणारच! सर्व्हर त्यांच्या खुर्चीमागच्या काचेच्या खोलीत आहे.

मग बैठक होते आणि बैठकीत एकच तोडगा निघतो: लाइन वाढवा. कारण लाइन विकत मिळते. तीन कोटेशनं मागवता येतात, तुलनात्मक तक्ता करता येतो, सगळ्यांना सहीला जागा मिळते. दहा एमबीपीएसची लीज लाइन शंभरची होते. स्पीड टेस्टचा काटा उजवीकडे झुकतो, व्हेंडर पेढे वाटतो. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा तीच प्रार्थना.

कारण दुखणं रुंदीचं नाही, हेलपाट्यांचं आहे. फोल्डर उघडताना नागपूरचा संगणक नव्या कारकुनासारखा वागतो. फाइल आहे का, हे विचारायला पुण्याला जातो. केवढी आहे? पुन्हा पुण्याला. मला बघायची परवानगी आहे? पुन्हा पुण्याला. त्यात अँटिव्हायरसला प्रत्येक फाइल हुंगायची असते आणि एक्सप्लोररला प्रत्येक फोटोचं छोटं चित्र हवं असतं. फोल्डरात दोन हजार फायली, प्रत्येकीमागे दोन हेलपाटे आणि एका हेलपाट्याला ३० मिलिसेकंद धरले, की दोन मिनिटं गेली. लाइन दहापट रुंद केली तरी जवळपास दोन मिनिटंच. हा हेलपाटा शून्यावर आणणारा व्हेंडर अजून जन्माला यायचाय. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पुणे-नागपूर ७०० किलोमीटर धरलं तर नुसतं जाऊन यायला सात मिलिसेकंद; वाटेतले राउटर, फायरवॉल आणि व्हीपीएन यांचा पाहुणचार वेगळा. प्रकाशाच्या वेगाला मेमो देता आला असता, तर मुख्यालयाने तो केव्हाच दिला असता.

शाखेचा संगणक आणि सर्व्हर यांच्यातल्या या बोलाचालीच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात. १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी ती बेतली, तीही जवळच्या जवळच्या जाळ्यासाठी. पुण्याहून विदर्भ गाठायचाय, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या आवृत्तीत शंभराहून अधिक आज्ञा होत्या. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विस्टाबरोबर दुसरी आवृत्ती काढली, आज्ञा १९ वर आणल्या आणि अनेक प्रश्न एकाच फेरीत विचारायची सोय केली. पुढे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जुन्या आवृत्तीच्याच भोकातून जगभर घुसला. तरीही कित्येक कार्यालयांत ती जुनी आवृत्ती सुखाने नांदते, कारण कोपऱ्यातलं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेला कागद तिच्याच हातून पाठवतं. मशीन बदलायला बजेट नाही. बजेट लाइनीत गेलं.

मग एखादा हुशार माणूस सुचवतो: प्रत्येक शाखेत सर्व्हर ठेवा आणि विंडोजच्या डीएफएस या सोयीने त्यांच्यात फायलींच्या नकला होत राहू द्या. सर्व्हर येतात, हार घातले जातात. मध्यंतरी नागपूर शाखा नव्या जागेत गेलेली असते; तिथला नवा सबनेट, म्हणजे तिथल्या संगणकांच्या पत्त्यांचा गट, कोण कुठे बसतं याची वही ठेवणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदवायचा मात्र राहून जातो. मग नागपूरच्या संगणकाला रत्नागिरीचा सर्व्हरही शेजारचाच वाटतो. शिवाय डीएफएसची नक्कल एका शाखेत उघडलेल्या फाइलला दुसऱ्या शाखेत कुलूप लावत नाही. नागपूर आणि कोल्हापूर एकाच वेळी एकच तक्ता भरतात. ज्याने शेवटी सेव्ह केलं त्याचा टिकतो, दुसऱ्याचा एका लपवलेल्या फोल्डरात गडप होतो. कार्यालयीन राजकारणाचा इतका अचूक नमुना मायक्रोसॉफ्टने कुठून उचलला, कोण जाणे!

तेव्हा साहेब, पुढच्या कोटेशनवर सही करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. शाखेतून एक गिगाबाइटची एकच फाइल ओढा, मग तेवढ्याच वजनाच्या हजार बारीक फायली ओढा. मोठी धावली आणि बारीक रांगल्या, तर लाइनीला बोल लावू नका. दहा वर्षांची जुनी फोल्डरं बाजूला काढा, भर कामाच्या वेळी चालणारा बॅकअप रात्रीवर टाका, आणि जड फायलींचं काम रिमोट डेस्कटॉपने पुण्यातल्याच यंत्रावर होऊ द्या. फक्त हा प्रयोग पुण्यात बसून करू नका, नागपूरच्या खुर्चीत बसून करा. प्रवासभत्ता मंजूर करायला तुम्हीच आहात.