पाऱ्याआड लपणाऱ्या आर्द्रताबाईंना

श्रीमती आर्द्रताबाई,
मु. पो. अरबी समुद्र (शाखा : मुंबई, ठाणे आणि खाली थेट गोव्यापर्यंत)

स. न. वि. वि.

प्रथम आपलं अभिनंदन. मे महिन्यात माणसं उकडून निघतात आणि शिव्या खातो सूर्य. पेपरात मथळा मिळतो पाऱ्याला. आपला उल्लेख बातमीच्या शेवटच्या ओळीत, तोही जागा उरली तर. एवढं काम करून प्रसिद्धीपासून इतकं दूर राहणारं व्यक्तिमत्त्व आजच्या महाराष्ट्रात दुसरं सापडायचं नाही.

आपली कार्यपद्धती तर वाखाणण्याजोगी. आपण कुणाला तापवत नाही, फक्त निवू देत नाही. अंगावरचा एक लिटर घाम वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर! हवेत आपण आधीच ठाण मांडून बसलेल्या, तेव्हा त्यानं जावं कुठे? मग तो नुसता ओघळतो. अंगातलं पाणी नेतो, मीठ नेतो आणि जी न्यायची ती उष्णता तेवढी मागे ठेवतो.

नागपूरकर मुंबईत येऊन हसतात : ‘आमच्याकडे 43, तुमच्याकडे 34, आणि कुरकुर तुमची?’ त्यांना आपली ओळख करून द्यायला हवी. अमेरिकी हवामान खात्याच्या उष्मा निर्देशांकाच्या सूत्रात आकडे घालून बघा. 43 अंश तापमान आणि आपली हजेरी 15 टक्के, किंवा 34 अंश आणि आपली हजेरी 60 टक्के. सावलीत जाणवणारी उष्णता दोन्हीकडे सुमारे 42 अंश! नऊ अंशांची तूट आपण एकटीनं भरून काढता. तिकडे थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं, तर पारा 23 च्या आसपास उतरतो. इकडे 28 च्या जवळपासच अडून बसतो. म्हणून विदर्भात वाळ्याचे पडदे आणि कूलर चालतात. मुंबईत कूलर लावणं म्हणजे आपल्यालाच पाट मांडून घरात बसवणं.

शिवाय आपली रात्रपाळी असतेच. कोरड्या मुलखात दिवसभराची उष्णता रात्री आकाशाकडे निघून जाते. इथे आपण तिला वाटेत अडवता, थोडी खाली परत पाठवता, आणि पहाटे चारलाही उशी ओली. जूनमध्ये मात्र आपणच पाऊस होऊन येता आणि आम्ही कृतघ्न नव्हे, विसरभोळे लोक, कांदाभजी तळून आपला सत्कार करतो. ऑक्टोबरात पुन्हा येरे माझ्या मागल्या.

हवामान खात्याला आपला संशय आहे, हे सांगायला हवं. उष्णतेची लाट मोजताना सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश लागतं, किनाऱ्यावर 37 पुरतं. पण आपण हुशार. 34 वरच काम उरकता. लाट नाही म्हणून रस्त्यावर डांबर ओतणारा ओततच राहतो आणि मुकादम पारा बघून म्हणतो, ‘आज काही विशेष नाही.’ ओल्या फडक्यातला पारा 35 वर टिकला, तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांत दगावू शकतो. प्रयोगांत तर तरुण, निरोगी शरीरंही 31 च्या आसपासच हार मानू लागली. इथे आमची थट्टा थांबते.

तेव्हा यापुढे आपली अज्ञातवासाची सोय बंद. आपला आकडा तापमानाच्या शेजारी, त्याच ठळक टायपात छापला जावा आणि कामगारांची दुपारची सुट्टी आपली हजेरी बघून ठरावी, अशी मागणी आम्ही करत आहोत. आपल्यासारख्या लाजाळू बाईंना हे अवघड जाईल, पण कर्तृत्व लपवून तरी किती लपवायचं?

कळावे. लोभ आहेच, तो जरा आवरावा.

आपला न वाळलेला,
एक मुंबईकर