मासेवैद्य

मासेवैद्य हा डॉक्टर नसतो. माणसांचाही नाही आणि गुरांचाही नाही. तो बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतला कॅशिअर किंवा कापसाचा हंगाम आटोपल्यावर मोकळा झालेला ग्रेडर असतो. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा बऱ्यापैकी वस्तीच्या गावात तो हमखास सापडतो. एका गावात दोन असले तर त्यांचे आपसात पटत नाही. ही पदवी मिळवण्याची अट एकच. पहिल्या वर्षी टाकीतले सगळे मासे मेले आणि तरीही माणसाने दुसऱ्या वर्षी नागपूरहून पिशवी भरून मासे आणले, की गाव त्याला जाणकार मानू लागते.

त्याचे रोगी सुखवस्तू घरांत राहतात. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. हा हिशेब वास्तुशास्त्र सांगणाऱ्याने दिलेला असतो. त्यांच्याच गर्दीत मुलांच्या हट्टापायी आलेले मॉली, एंजल आणि काच साफ करील म्हणून आणलेला सकर. एखादा मासा मेला की घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, असे समजतात. एका आठवड्यात पाच मेले म्हणजे घरावर फारच मोठे संकट आले असणार, या विचाराने कुटुंब घाबरते आणि मग मासेवैद्याला फोन जातो.

फोन साधारण डिसेंबरात येतो. यवतमाळच्या उन्हाची कीर्ती एवढी, की टाकीला हीटर लावावा हे इथे कोणाच्या डोक्यात येत नाही. पण हिवाळ्यात रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, टाकी गार पडते आणि उष्ण प्रदेशातल्या माशांची प्रतिकारशक्ती ढासळते. “काका, मासोयाइच्या अंगावर रवा चिकटल्यावानी दिसते,” एवढे वर्णन मासेवैद्याला पुरते. मासे खड्यांना अंग घासतात का, कल्ले भराभर हलवतात का, हे दोन प्रश्न तो केवळ रिवाज म्हणून विचारतो. रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. तो करणाऱ्या एकपेशीय परजीवीचे नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. फुके या फ्रेंच अभ्यासकाने 1876 मध्ये त्याचे वर्णन केले. हे नाव मासेवैद्याला पाठ असते आणि तो ते सावकाश उच्चारतो. निम्मा गुण तिथेच येतो.

या जीवाचा दिनक्रम समजला तरच मासेवैद्याची कीर्ती आणि फजिती दोन्ही समजतात. ठिपका माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून खात असतो. तिथे कोणतीही दवा त्याचे काही बिघडवू शकत नाही. पोट भरले की तो मासा सोडतो, तळाच्या खड्यांवर जाऊन स्वतःभोवती आवरण करतो आणि आत विभागत विभागत शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्ले तयार करतो. ही पिल्ले पाण्यात सुटली की साधारण दोन दिवसांत त्यांना मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. दवा लागू पडते ती याच पोहणाऱ्या पिल्लांवर. पंचवीस अंशांच्या आसपास हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. गार पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात.

म्हणजे ठिपके दिसतात तेव्हा औषध बोथट असते आणि ठिपके गळतात तेव्हा रोग वंशविस्ताराला निघालेला असतो. घरच्यांना यातले दुसरे दृश्य फार आवडते. तिसऱ्या दिवशी मासे स्वच्छ दिसतात, मासेवैद्याच्या घरी पेढे पोचतात. “ठिपके त गेले न काका, आता दवा कायले?” असे विचारून बाटली कपाटात जाते. पुढच्या आठवड्यात पहिल्यापेक्षा चौपट ठिपके येतात. कच्चा मासेवैद्य इथे पाण्याला दोष देतो. पक्का मासेवैद्य पेढे घेतो आणि दवा चालू ठेवायला लावतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार सोडायचे नाहीत, यावर तो अडून बसतो.

त्याचा इलाज तसा साधा. हीटर लावून काही तासांना एखादा अंश या बेताने पाणी तीस अंशांपर्यंत न्यायचे; त्याने चक्र लवकर फिरते आणि परजीवीची वाढही मंदावते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेची मोटर रात्रंदिवस चालू. जाडे मीठ लिटरला एक ते तीन ग्रॅम. इथे गणित चुकते. दोन बाय एक बाय एकच्या टाकीत कागदावर छप्पन लिटर पाणी बसते. खडे, वरची मोकळी जागा आणि प्लास्टिकचा खजिन्याचा पेटारा वजा जाता पन्नासही उरत नाही. घरातली आजी मुठीने मीठ टाकते आणि तिची मूठ लोणच्याच्या बरणीला सरावलेली असते. मिठाने भागले नाही तर मॅलकाइट ग्रीन, म्हणजे हिरवी दवा. तिने बोटे, टाकीच्या कडांचे सिलिकॉन आणि सोफ्याचे कव्हर हिरवे होते. ही दवा खाण्याच्या माशांना मुळीच चालत नाही. सकरसारख्या माशांना मात्रा निम्मी द्यावी लागते. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो आधी काढायचा, कारण तो दवाच शोषून घेतो.

सर्वांत अवघड पथ्य पाणी बदलण्याचे. नळीने तळाचा गाळ ओढून चौथाई पाणी काढायचे आणि क्लोरीन उडालेले, तितकेच कोमट पाणी भरायचे. निळोणा आणि चापडोह धरणांच्या भरवशावर राहिलेल्या आणि टंचाई पाहिलेल्या शहरात, नळ कधी येईल ते माहीत नसताना, दोन बादल्या पाणी माशांसाठी मागणे हे धाडस आहे. मासेवैद्य ते काढलेले पाणी कुंड्यांना घालायला सुचवतो. त्यात मीठ आहे, हे त्याला तुळस वाळल्यावर आठवते.

नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावा, हा त्याचा सर्वांत मौलिक सल्ला. तो स्वतः सोडून सर्वांना देतो. स्वतः आणलेली पिशवी तो थेट टाकीत ओततो, कारण दुकानदार ओळखीचा असतो.

एप्रिलपासून पाणी आपोआपच तिशी ओलांडते, ठिपके नाहीसे होतात आणि मासेवैद्याची विचारपूस थांबते. मग लाइन गेली की मोटर बंद पडते आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. त्यावर मगाने उंचावरून पाणी ओतत राहा, एवढेच तो फोनवर सांगतो. बाकी उन्हाळा कूलरच्या टाकीत डासांवर गप्पी सोडावे की नाही, या चर्चेत जातो. मासेवैद्य सोडा म्हणतो. कूलर आठवड्याला कोरडा करायचा असतो, हे त्याची बायको सांगते.