तुम्ही घरीच असता ना!

शाळेत असताना मला इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली होती आणि तेव्हापासून रंगांबद्दलची माझी मतं ठाम आहेत. सर्टिफिकेट आता सापडत नाही, पण अधिकार मी सोडलेला नाही. साडीच्या दुकानात, नणंदेच्या रुखवतात, गणपतीच्या मखरापाशी, जिथे संधी मिळेल तिथे तो गाजवते. त्यामुळे पाळणाघराच्या दोन खोल्या रंगवायचं ठरल्यावर शेड कार्ड माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात जाणं शक्यच नव्हतं.

पेंटरनं ते थेट ह्यांच्या हातात दिलं. "साहेब, तुम्ही सांगा."

ह्यांना रंग दोनच कळतात, पांढरा आणि 'तो दुसरा'. त्यांनी कार्ड पसरून जरा वारा घेतला आणि म्हणाले, "हिला विचारा. ती घरीच असते."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता दारावरच्या पाटीवर लिहून टाकावं म्हणते. गॅसवाला म्हणतो, कुरिअरवाला शेजारच्यांची पार्सलं माझ्याकडे टाकताना म्हणतो, जाऊबाई तर लोणच्याच्या कैऱ्या पाठवताना म्हणतात. सकाळी साडेआठला सिव्हिलमधल्या सिस्टरचं लेकरू येतं, त्यापाठोपाठ बँकवालीचं, बियाणं कंपनीतल्याचं, स्टील कारखान्यातल्या अकाउंटंटची जुळी. शेवटचं मूल घरी जातं तेव्हा टीव्हीवर बातम्या सुरू झालेल्या असतात. मधल्या वेळात मी घरीच असते.

काम मे महिन्यात काढलं, कारण तेव्हा शिक्षिकांची मुलं त्यांच्याच घरी असतात आणि पाळणाघर जरा हलकं असतं. पण मुलं एक वाजता झोपतात आणि पेंटरमामांचा हात नेमका एक वाजता चालू लागतो. सकाळ त्यांची चहा, डबे हलवणं आणि 'पोरगं माल घेऊन येऊ लागलंय' यात जाते. मग पेंगुळलेल्या मुलांच्या शेजारच्या खोलीत पॉलिश पेपर सुरू होतो. एक उठलं की सगळी उठतात. मी दारातून खुणेनं 'हळू' म्हणते, मामा खुणेनं 'बरं' म्हणतात आणि घोडा फरशीवरून फरफटत पुढच्या भिंतीकडे नेतात.

दारंखिडक्यांना सासऱ्यांच्या काळातला ऑइल पेंट होता. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचं दार कोरडं घासलं की धूळ पोरांच्या बोटांवर बसते, आणि पोरांची बोटं दिवसभर कुठे असतात ते सांगायला नको. हे सगळं मी मामांना ड्रॉइंगच्या अधिकारात समजावलं.

"शिसं पेन्सिलीत असतंय, ताई," मामा म्हणाले.

"पेन्सिलीत नसतं. दारात असतं."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं.

उपाय एकच होता. पोरांना लांबच्या खोलीत ठेवायचं, दार पाणी मारून ओलं घासायचं आणि फरशी लगेच पुसून घ्यायची. म्हणजे पाणी. जालन्यात. मे महिन्यात. आमच्याकडे नळ कधी येईल हे पंचांगातही सापडत नाही. कूलर, लंगोटांची बादली, पुट्टी आणि ओली घासाई असे चार उमेदवार एका टाकीवर उभे होते. निवडून दर वेळी लंगोटच यायचे.

मामांच्या रंगाच्या डब्यावरून आठवलं. एशियन पेंट्सच्या जाहिरातीत पूर्वी एक पोरगं असायचं, गट्टू. विस्कटलेले केस, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी ते काढलं. नाव लोकांकडून मागवलं होतं, पाचशे रुपये बक्षीस लावून. लहानपणी मला त्याचा फार हेवा वाटायचा. आता पाळणाघरवालीच्या नजरेनं बघते तेव्हा काळजीच वाटते. हे पोरगं इतकी वर्षं एकटं हिंडत होतं, ते कुणाच्या जबाबदारीवर? सोडायला कोण यायचं, न्यायला कोण? फॉर्म कुणी भरला? तातडीला फोन करायचा तर नंबर कुणाचा? हातात डबा आहे, पण पोळीभाजीचा डबा एकदाही दिसला नाही. दुपारी झोपत होतं की नाही? लक्ष्मणांच्याच कॉमन मॅनला निदान बायको होती आणि ती त्याच्या वाटचंही बोलायची. गट्टूच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. २००२ च्या सुमारास कंपनीनं त्याला घरी बसवलं म्हणतात. घरी कोण होतं, तेही कुणी विचारलं नसणार. एक मात्र कबूल करते, लक्ष्मणांनी मूल फार जवळून पाहिलं असलं पाहिजे. ब्रश हातात आल्यावर पोराच्या तोंडावर जो गुन्हेगारी आनंद येतो, तो त्यांनी बरोबर पकडला होता.

तो आनंद मला आमच्या अंगणात दिसला. माझ्याकडे एक अडीच वर्षांचं पोरगं आहे, त्याला रोज सकाळी आईच्या ओढणीपासून सोडवावं लागतं. लाकडी ठोकळे, मण्यांची चौकट, माझी पेटंट गाणी, कशालाही ते बधलं नव्हतं. मामांनी त्याला श्रीखंडाच्या डब्यात बोटभर पाणी आणि झिजलेला दोन इंची ब्रश दिला. ते अंगणातल्या भिंतीला खालून वर हात मारायचं. वरचा पट्टा होईस्तोवर उन्हानं खालचा वाळलेला असायचा. मग पुन्हा खालून. रडणं नाही, कंटाळा नाही. मध्येच दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून भिंतीकडे बघायचं. मामा बघतात तस्सं. दोन दिवसांत बाकीची पोरंही ब्रश मागू लागली आणि सकाळी दारात मुलं विचारायची, "मामा आले?" मावशी आहे का, हे कुणी विचारेना. मावशी घरीच असते.

एकदा चहा घेताना मामांनी विचारलं, "एका लेकराचे किती घेता?"

मी आकडा जरा फुगवूनच सांगितला.

"महिन्याचे?" त्यांनी पुट्टीवरच पेन्सिलीनं हिशेब मांडला आणि ब्रश खाली ठेवला. "कामून एवढे कमी? भिंतीचे मी याच्याहून जास्त घेतो, ताई. अन् भिंत जागची हलत नाही."

मग आपणहून सांगत बसले. ते घनसावंगीकडचे. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे. फडाच्या कडेला बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत मामा, झोका द्यायला बहीण. बहीण सात वर्षांची. शाळा तिची तिथंच सुटली.

१९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं की तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर कारखान्यानं पाळणाघर चालवावं. उसाचा फड कारखान्याच्या कुंपणाबाहेर असतो. त्या पोरीला 'तू घरीच असतेस ना' असं कुणी म्हणालं नसेल. घर कुठे होतं, कोपी होती. मला काही बोलणं सुचेना. मामाच उठले, म्हणाले, "दुसरा हात मारून घेतो, नाहीतर ऊन उतरंल."

शेड मी फार विचार करून निवडली होती, पिस्त्याची नुसती चाहूल लागावी इतकी फिकी. काम झालं त्या संध्याकाळी बँकवाली आत आली, चारी भिंतींवर नजर फिरवून म्हणाली, "प्रायमर छान झालाय हो. रंग कधी लावणार?"

"हाच रंग आहे."

मामा माझ्या मदतीला धावले. "ताईंनी ड्रॉइंगची परीक्षा दिलेली आहे," ते म्हणाले. बँकवालीनं यावर पुढे काही विचारलं नाही.

जाताना मामांनी दारावर लाल ऑइल पेंटनं फुकट लिहून दिलं, 'जालना, सोने का पालना'. लाल रंग माझ्या पिस्त्याशी भांडतो, पण लांबून वाचता येतो. आत दोन पाळणे आहेत, दोन्ही लोखंडी. गावाला शोभतील असे.

जूनपासून मी फी वाढवली. याआधी दोनदा तो विषय काढला होता. तेव्हा सगळ्यांना एकदम महागाई आठवली होती आणि 'तुम्हाला कुठे भाडं भरावं लागतं' असंही एकजण म्हणाले होते. या वेळी चिठ्ठीवर फक्त 'रंगकामाचा खर्च' असं लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. अकाउंटंटनी तर पावतीही मागितली नाही.

पुढच्या वर्षी फरशी बदलायचं घाटतंय.