चांद्रलँडर बांधून घेणाऱ्या नवशिक्यांसाठी

प्रथम तारीख जाहीर करावी. मार्च 2019 मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी पाच वर्षांत माणसं चंद्रावर उतरवण्याची घोषणा केली, तेव्हा लँडरचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं.

मग ठेका. अपोलोच्या वेळी लँडर बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीला झालेला खर्च आणि वर नफा मिळायचा. तुम्ही उक्तं काम द्या. रक्कम ठरलेली, जास्त लागले तर ठेकेदाराचे. पद्धत शहाणपणाचीच आहे. फक्त त्याच्यामागे घाई लावता येत नाही, कारण पदरचे पैसे तोही घालतोय.

ठेकेदार दोन हवेत म्हणावं आणि निधी एकापुरता ठेवावा. एप्रिल 2021 मध्ये नासाने 2.89 अब्ज डॉलरचं काम एकट्या स्पेसएक्सला दिलं. प्रतिस्पर्धी ब्लू ओरिजिनने तक्रार केली, ती फेटाळल्यावर कोर्ट गाठलं. मधल्या काळात तिचे मालक जेफ बेझोस यांनी दोन अब्जांपर्यंत सूट देऊ केली, तीही काम दुसऱ्याला गेल्यावर! कोर्टात ते हरले. पण 2023 मध्ये त्यांनाही 3.4 अब्जांचं काम मिळालंच, तेव्हा हरलेल्याशी गोड बोलत राहावं.

आता इंधन. खरी परीक्षा इथे आहे. स्पेसएक्सच्या स्टारशिपचा लँडर सुमारे 50 मीटर उंच, आणि पृथ्वीच्या कक्षेत पोचेपर्यंत टाक्या जवळपास रिकाम्या. म्हणून टँकरमागून टँकर वर पाठवायचे. द्रवरूप ऑक्सिजन उणे 183 अंशांना उकळतो. खेपांना उशीर झाला की भरलेल्याची वाफ होते. शिवाय तिथे द्रव तळाशी बसत नाही, टाकीभर तरंगतो. आधी यानाला हळूच पुढे रेटायचं, द्रव एका बाजूला गोळा करायचा, मग नळी उघडायची.

उतरल्यावर लिफ्ट. अपोलोला नऊ पायऱ्यांची शिडी पुरली; इथे केबिनच काही मजले वर. चंद्राची धूळ बारीक आणि धारदार, सांध्यांत शिरते. त्यामुळे अवजड सूट घालून, जाड हातमोज्यांनी लिफ्टचं दार उघडण्याचा सराव जमिनीवरच करून घ्यावा. नासाने तो 2023 मध्ये नमुन्याच्या लिफ्टवर करवून घेतला.

तरीही काम रेंगाळलं, तर ठेका पुन्हा खुला करू असं टीव्हीवर सांगावं. ऑक्टोबर 2025 मध्ये नासाचे प्रभारी प्रमुख शॉन डफी यांनी तेच केलं. त्यानंतर एक-दोन दिवस ठेकेदाराच्या पोस्ट मात्र वाचू नयेत.