बाईला शेंडी कशी?

नावांची चिकित्सा करायचा आम्हा वैजापूरकरांना खरं तर अधिकारच नाही. आमच्या रेल्वे स्टेशनचं नाव रोटेगाव. पाहुणा गाडीतून फोन करतो, "वैजापूर कधी येईल?" आम्ही सांगतो, "ते येत नसतं. रोटेगाव आलं की उतरा."

तरी मला डोंगराच्या नावाचा किडा चावलाच. डोंगरही आमचा नाही, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातला. रोटेगावहून निघालं की तारूर, नगरसूल मागे पडतं, अंकाई-टंकाईचे जुळे किल्ले येतात आणि मनमाडच्या अलीकडे एका डोंगरमाथ्यावर सुळका दिसतो. मूठ आवळून अंगठा वर केल्यासारखा. डब्यातलं एखादं पोर हमखास ओरडतं, "थम्सअप!"

आता हा खडक सह्याद्रीच्या लाव्ह्यातला, वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. बाटली १९७७ सालची. कोकाकोला देश सोडून गेली त्या वर्षी पारलेनं ती काढली आणि १९९३ साली कोकाकोलालाच विकली. म्हणजे एवढ्या म्हाताऱ्याचं बारसं आत्ता झालं, वर दत्तकविधानही!

मूळ नाव हडबीची शेंडी. शेंडी समजली, दिसतेच आहे. पण हडबी कोण? आणि बाईला शेंडी कशी?

मामांना विचारलं. त्यांनी आधी अंकाई-टंकाईचा निकाल लावला. अंकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचं ठाणं आहे, ते ठीक. "मग टंकाई?" तर म्हणाले, "भाकरी-बिकरी म्हणत नाही का आपण? तसंच ते." त्या जिल्ह्यातल्या डोंगरांना एकट्यानं करमतच नाही, हे मात्र खरं. मांगी-तुंगी, रवळ्या-जवळ्या, साल्हेर-सालोटा. बिचाऱ्या हडबीलाच जोडीदार मिळाला नाही. मामा म्हणाले, "शेंडी बघून स्थळं परत गेली असतील."

शेवटी एका रविवारी पायथ्याशीच गेलो. शेळ्या राखणारे एक बाबा बाभळीखाली बसले होते. वहीबिही काढून, गॅझेटियर लिहायला बसल्याच्या थाटात मी विचारलं, "बाबा, ही शेंडी कुणाची?"

"हडबीची."

"हडबीचीच का?"

त्यांनी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिलं. "मंग काय तुमची?"

वही मिटली.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरचं पोर खिडकीला नाक लावून ओरडलं, "आई, थम्सअप!" राहवेना. म्हटलं, "बाळा, तिला हडबीची शेंडी म्हणतात."

"हडबी कोण?"

ह्या प्रश्नाला मी नगरसूलपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. पोरानं तिथून पुढे तारूरपर्यंत तोच लावून धरला. गाडी थांबली तेव्हा त्याची आई गडबडीनं पिशव्या गोळा करत म्हणाली, "काका, वैजापूर आलं का?"

बाहेर पाटीवर ठसठशीत रोटेगाव लिहिलेलं होतं. पोरगं आता वाचायला लागलेलं दिसत होतं.

"आलं, आलं," म्हणत मी आधी उतरलो.