पेढ्याला दम लागलाय

आमच्या सोसायटीत किल्लेदार या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ मुळात बँकेत आहेत. कर्जवसुली विभाग. खरं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय. वय चौपन्न, पोट त्याहून दोन-तीन वर्षांनी मोठं, आणि दर रविवारी पहाटे साडेचारला पार्किंगमधून हाक, "पेढ्याऽऽ!"

पेढा म्हणजे लॅब्रॅडॉर. रंग खरपूस भाजलेल्या कंदी पेढ्याचा, वजन चौतीस किलो. किल्लेदारांना खरं तर त्याला इतिहासातलं एखादं दणदणीत नाव ठेवायचं होतं. तेरा नावांची यादी तयार होती. वहिनींनी ती वाचली आणि एवढंच म्हणाल्या, "गडावर चारशे माणसांत या नावाने हाक मारून 'इथे शू करू नकोस' असं ओरडणार आहात ना? मग आधी विमा वाढवून घ्या." यादी फाटली. पिल्लाने पहिल्याच संध्याकाळी मुलीच्या निकालाचा अर्धा किलोचा बॉक्स पुठ्ठ्यासकट संपवला होता, त्यावरून नाव पडलं. गैरसोय एकच. गडाच्या वाटेवर हाक मारली की शाळेच्या सहलीतली पाच-सहा पोरं हात पुढे करून येतात.

गेली चार वर्षं मी यांच्याबरोबर डोंगर चढतोय. या चार वर्षांत किल्लेदार एकदाही दमलेले नाहीत. दमतो तो पेढा.

सिंहगडाची आतकरवाडीची वाट ज्यांनी चढली आहे त्यांना माहीत असेल, सुरुवातीची झाडी संपून उघडा चढ लागला की नवखा माणूस घड्याळ बघायचं सोडून देतो. तिथे किल्लेदार एका दगडाला टेकतात. चेहरा बिटासारखा, शर्ट पाठीला चिकटलेला. बोलायला श्वास पुरत नाही म्हणून आधी बोट वर करतात, मग म्हणतात, "थांबा हो जरा. पेढ्याला दम लागलाय." पेढा त्या वेळी दोन वळणं पुढे असतो. हाक ऐकून खाली येतो, धन्याला हुंगतो, पुन्हा दोन वळणं वर जातो. असं सहा-सात वेळा. माझ्या हिशेबाने त्याचा दर रविवारी दीड सिंहगड होतो.

"कुत्र्याला घाम फक्त तळपायाला येतो, माहीत आहे ना?" दगडाला टेकूनच किल्लेदार समजावतात. "बाकी बरीचशी उष्णता जिभेवाटे. त्याचं नॉर्मल टेंपरेचरच मुळी साडेअडतीसच्या आसपास. आपल्याला तेवढा ताप असला की आपण रजा टाकतो. त्याला सारखं थांबवावंच लागतं." माहिती अगदी बरोबर आहे. फक्त ती सांगताना जीभ त्यांची बाहेर असते.

या माणसाला कुत्र्याबद्दल काही कळत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. उलट, नको तितकं कळतं. एप्रिलमध्ये नऊच्या सुमारास उतरताना कातळ तापलेला असतो. आपल्याला बुटांमुळे पत्ता लागत नाही, कुत्र्याच्या पावलांना थेट चटका. यासाठी किल्लेदारांची एक परीक्षा आहे. तळहात पालथा करून दगडावर ठेवायचा आणि सात आकडे मोजायचे. हात ठेववला नाही तर कुत्र्याचा पाय पडता कामा नये. नियम चांगला आहे. पण तो पाळायची त्यांची पद्धत अशी की दर वळणावर ते गुडघे टेकून बसतात, पालथा हात कातळाला लावतात, डोळे मिटतात आणि ओठ हलवत सात मोजतात.

एकदा आम्ही असेच उतरत होतो. मागून कुठल्यातरी गावाहून आलेलं पंधरा-वीस जणांचं कुटुंब येत होतं. पुढच्या आजोबांनी किल्लेदारांना पाहिलं आणि टोपी काढली. मग त्यांनीही खाली वाकून दगडाला हात लावला आणि तो कपाळी नेला. त्यांच्यामागे सूनबाई, त्यांच्यामागे पोरं. एक आजी जरा उशिरा पोचल्या. त्यांनी सगळ्यांना विचारलं, कोणाला नीट सांगता आलं नाही, तेव्हा त्यांनी पिशवीतून हळद-कुंकू काढलं. किल्लेदारांनी डोळे उघडले तेव्हा त्या दगडाला दोन बोटं लागली होती आणि समोर पाच रुपयांचं नाणं होतं. ते उठले, आजींना वाकून नमस्कार केला आणि माझ्या कानात म्हणाले, "गरम आहे. पेढ्याला कडेच्या गवतातून घ्या." पुढच्या रविवारी गेलो तर तिथे दोन नाणी होती.

खाण्याचंही तेच. गडावर टोपलीवाल्या मावशींकडे बसलं की ऑर्डर ठरलेली. दोन प्लेट कांदाभजी, एक आपल्याला, एक पेढ्याला. भजी येतात. वास सुटतो. पेढा शेपटीने जमीन झाडायला लागतो. मग किल्लेदार कपाळावर हात मारतात. "अरे हो! कांदा चालत नाही त्याला. विष आहे विष. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात." हेही खरं आहे, कांदा-लसूण कुत्र्याला कधीच देऊ नये. "मावशींनी एवढं केलंय, टाकायचं कसं?" असं म्हणून ते जड मनाने दुसरी प्लेट संपवतात. चार वर्षं, दर रविवारी, ही आठवण भजी आल्यानंतरच होते. पेढ्याला मग बिनमिठाची भाकरी आणि मडक्यातल्या दह्याचा शेवटचा थर मिळतो. त्याची तक्रार नाही.

बूट हे एक छोटं प्रकरण. कुत्र्याचे बूट मिळतात, चार असतात आणि त्यांची किंमत विचारू नये. राजगडच्या बालेकिल्ल्याच्या चढाला ते घालायचं ठरलं. पेढ्याने आधी प्रत्येक पाय वेगळा झटकला, मग नवरीसारखं एकेक पाऊल मोजून टाकलं, मग खाली बसला. उठायला तयार नाही. पाऊण तासाने एक बूट माकडाने नेला. किल्लेदारांचं म्हणणं, उरलेले तीन ठेवून उपयोग काय. माकड दुसऱ्यासाठी परत आलं तेव्हा त्यांनी तो स्वतःहून दिला.

गडावर कुत्रा कशाला आणता, असं विचारणारे भेटतातच. पूर्वी किल्लेदार रायगडच्या वाघ्याचं नाव घ्यायचे. पण वाघ्या खरा की दंतकथेतला यावरून अभ्यासकांत इतका वाद आहे की चहा गार व्हायचा. मग त्यांनी आधार बदलला. थेट महाभारत. "कुत्रा घेऊन डोंगर चढणारा पहिला माणूस कोण? धर्मराज! इंद्र रथ घेऊन आला, म्हणाला, कुत्रा सोड आणि चल. धर्मराज म्हणाले, कुत्रा येणार नसेल तर मीही येत नाही."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि त्या ट्रेकला द्रौपदी सगळ्यात आधी पडली. धर्मराजांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणून मी येत नाही."

वहिनींना ही भाषा सबंध येते, हे मला उशिरा कळलं. "पेढ्याला भूक लागलीय वाटतं," असं हॉलमधून ऐकू आलं की त्या पोह्यांना फोडणी देतात. "पेढ्याला ही बातमी बघवत नाही," म्हटलं की चॅनेल बदलतात. दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला जर्मनीला गेली. विमानतळावरून आल्यावर किल्लेदार तिच्या खोलीच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "पेढ्याला करमत नाहीये." वहिनी म्हणाल्या, "हो, मलाही दिसतंय." मग दोघं मिळून पेढ्याला रात्री अकरा वाजता फिरवायला घेऊन गेले. पेढा झोपलेला होता. त्याला उठवून नेलं.

तर कळसूबाई.

डिसेंबरातला शनिवार, गाडी माझी, मागच्या सीटवर जुनी चादर आणि तिच्यावर पेढा. संगमनेर, अकोले झालं, राजूर आलं. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत. किल्लेदार दुकानासमोर उतरले, पेढाही उतरला आणि बाजाराच्या दिशेने सुटला. मग भर रस्त्यात एक धट्टाकट्टा गृहस्थ "पेढा! पेढा!" असं व्याकुळ होऊन ओरडतोय हे पाहून दुकानदार म्हणाला, "साहेब, देतो ना. किती किलो?"

बारीपासून चढ सुरू होतो. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात याच्यावर काही नाही. शेतं संपतात, पायथ्याचं देऊळ मागे पडतं, मग कातळ आणि लोखंडी शिड्या. देवीची गोष्ट सांगतात ती अशी की कळसू नावाची मुलगी कामाला राहिली, तिची अट होती, बाकी काहीही सांगा पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा ती कामं करायला लावली तर ती घर सोडून डोंगरावर येऊन राहिली. ही गोष्ट किल्लेदारांनी गाडीतून फोनवर वहिनींना सांगितली. तिकडून उत्तर आलं, "मग मी तिथेच असायला हवी होते."

गावातून एक काळं कुत्रं आमच्यामागे लागलं. सह्याद्रीत जवळजवळ प्रत्येक गडाला अशी दोन-तीन असतात. सकाळच्या पहिल्या गटाबरोबर वर जायचं, वाटेत पार्ले-जीचा कर गोळा करायचा, दुपारच्या गटाबरोबर खाली. ना पट्टा, ना बूट, ना टेंपरेचर. किल्लेदारांनी त्याच्याकडे बँकेचा माणूस विनातारण कर्ज मागणाऱ्याकडे बघतो तसं पाहिलं. पेढ्याने मात्र दहा मिनिटांत त्याला गुरू केलं.

पहिल्या शिड्या निभावल्या. पेढ्याच्या अंगात ते पट्ट्यांचं जाकीट असतं, त्याच्या पाठीवरच्या कडीला धरून मी वरून ओढायचा, किल्लेदारांनी खालून ढकलायचा. ढकलायला ते फार उत्सुक होते. दोन्ही हात आणि डोकं कुत्र्याच्या मागच्या बाजूला टेकवलं की खालचं काही दिसत नाही, याचा अर्थ माझ्या तेव्हा लक्षात आला नाही.

शिखराच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथून शेवटची शिडी. खडी. पायऱ्यांच्या फटींतून खालचा डोंगर दिसतो, वारा शर्टात शिरतो. किल्लेदारांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हे दुसरं त्यांनी करायला नको होतं. दोन्ही हातांनी कठडा धरून ते पहिल्या पायरीवर उभे राहिले. दुसरीवर गेले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "पेढ्याला नाही जमणार. त्याला उंचीची भीती आहे."

हे मला नवीन होतं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर पुढचे पाय टाकून हे जनावर रोज दोन तास भाजीवाल्यावर भुंकतं.

"कधीपासून?"

"लहानपणापासून. बोलून दाखवत नाही तो."

एवढ्यात शिडीच्या कडेने काहीतरी सरसर वर गेलं. काळ्याने कातळावरची आपली वाट धरली होती. पायरी म्हणावी अशा दोन खोबणी, एक भेग, एक उडी. त्याच्यामागे चौतीस किलोंचा पेढा. खोबणीत पाय, भेगेत पोट, एकदा मागचे पाय घसरले, पंजे कातळावर करकरले, आणि उडी. वर पोचल्यावर त्याने अंग झाडलं, कडेला आला आणि जीभ बाहेर काढून खाली बघत बसला. काळा त्याच्या शेजारी.

विहिरीपाशी लिंबू सरबत विकणाऱ्या मावशी मघापासून बघत होत्या. म्हणाल्या, "कुत्रं गेलं की वर. बाबा, तुम्ही कव्हा जाणार?"

किल्लेदार पायरीवरून उतरले. हात झटकले. मी आजवर कर्जवसुलीवाल्याचा चेहरा पडलेला पाहिला नव्हता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बोलायला कुत्रा जवळ नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे," शेवटी म्हणाले. "सामानापाशी कोणीतरी बसायला हवं."

सामान म्हणजे एक पाण्याची बाटली आणि एक रिकामा पट्टा.

मी वर गेलो. देवीचं दर्शन घेतलं. हवा स्वच्छ होती, अलंग-मदन-कुलंग ओळीत उभे होते, खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं. पेढा आणि काळा देवळाच्या सावलीत पाठीला पाठ लावून पडले होते. कोणीतरी त्यांना खोबरं दिलं होतं. मी फोटो काढले, पेढ्याचे सव्वीस. उतरताना मात्र शेवटच्या उडीला तो अडला, रडायला लागला, तेव्हा खालून किल्लेदार ओरडले, "घाबरू नकोस रे, मी आहे खाली!" आणि पहिल्या नव्हे, तिसऱ्या पायरीवर चढून, डोळे गच्च मिटून त्यांनी एक हात वर केला. पेढा त्या हाताकडे बघत माझ्या पुढून शिडीनेच उतरला. मी ही गोष्ट सोसायटीत सांगितलेली नाही. तिसरी पायरी विशेष उंच नाही, लोकांना हसू येईल.

घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. पेढा तीन-तीन पायऱ्या गाळत जिना चढला, आत घुसला आणि लगेच तोंडात चेंडू घेऊन बाहेर आला. किल्लेदार दर मजल्यावर कठड्याला धरून थांबत होते.

वहिनींनी दारातच विचारलं, "कसा झाला?"

"उत्तम. पेढा वर जाऊन आला." मग जरा थांबून, "गुडघे फार दुखतायत पण त्याचे."

वहिनींनी चेंडू आपटणाऱ्या पेढ्याकडे पाहिलं नाही. आत गेल्या, बादलीत कढत पाणी ओतलं, त्यात मूठभर खडेमीठ टाकलं आणि बादली सोफ्यापुढे आणून ठेवली.

"सांगा त्याला, पाय सोडून बस म्हणावं."

किल्लेदार सोफ्यावर बसले आणि पँट दुमडायला लागले.